अर्धा दिवस, पाव पगार

आमच्या मजल्यावर एक शेजारीण राहते. काय करता असं कुणी विचारलं की ती म्हणते, "मी सध्या घरीच असते." हे ‘सध्या’ गेली ११ वर्षं चालू आहे. दुपारी साडेतीनला तिच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायला लागतो आणि रात्री साडेआठपर्यंत तो हटत नाही. पाचवी ते आठवीची मिळून २२ मुलं, तीन बॅचेस. परीक्षा जवळ आल्या की रविवारीही. तिच्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "ती काही करत नाही हो, ट्यूशन्स घेते फक्त."

ही बाई नोकरदार की गृहिणी? अर्धवेळ की पूर्णवेळ? सरकारचा माणूस पाहणीला आला आणि दार नवऱ्याने उघडलं, तर तिची नोंद एक होईल. तिने स्वतः उघडलं तर कदाचित दुसरीच. बायका पूर्णवेळ काम का धरतात, अर्धवेळ का धरतात, की सोडूनच का देतात, हे विचारण्याआधी त्यांचं काम मोजलं कसं जातं हे पाहावं लागतं. ते जरा किचकट आहे, पण दोन मिनिटांत समजेल.

देशातल्या रोजगाराची मोठी पाहणी म्हणजे पीएलएफएस (पिरिऑडिक लेबर फोर्स सर्व्हे). तिला दोन चाळण्या आहेत. पहिल्या चाळणीचा प्रश्न असा, की गेल्या वर्षभरात जास्तीत जास्त काळ तुम्ही काय करत होतात? उत्तर ‘काम’ असेल तर तुम्ही कामकरी. नसेल तर दुसरी चाळणी लागते: निदान ३० दिवस तरी काही काम केलंत का? केलं असेल तरीही तुम्ही कामकऱ्यांतच. याशिवाय एका आठवड्याचा वेगळा हिशोब असतो, त्यात आठवड्यातून एक तास काम केलेलंही पुरतं. जनगणनेची रीत आणखी निराळी. सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’ कामगार, त्याहून कमी तर ‘सीमांतिक’. म्हणजे आपल्याकडे अर्धं काम बहुधा दिवसांत नि महिन्यांत मोजतात. तासांचीही नोंद होते, पण बातमीच्या मथळ्यात जो आकडा येतो तो तासांचा नसतो.

म्हणून १५ वर्षं आणि त्यावरच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होत्या त्या २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के झाल्या, हे वाचून बायका धडाधड नोकऱ्यांना लागल्या असं कुणी समजू नये. वाढ मुख्यतः खेड्यांतली आहे आणि स्वतःच्या किंवा घरच्या कामातली आहे. कामकरी म्हणून मोजलेल्या बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणी घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. त्यांना पूर्णवेळ की अर्धवेळ हा प्रश्न विचारायची सोयच नाही. गोठा साडेपाचला सुरू होतो, एवढंच त्या सांगतील.

शहरातल्या, पगार घेणाऱ्या बाईकडे वळू. इथे साधं वाटणारं एक गणित आहे आणि ते जमत नाही. आठ तासांना जेवढा पगार, त्याच्या निम्मा चार तासांना मिळायला हवा. मिळतो का? मी चार वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जितके तास घ्याल तितके पैसे. पहिला तास ८ वाजून १० मिनिटांनी, दुसरा ११:४०ला. मधले अडीच तास स्टाफरूममधल्या खिडकीशी बसून काढायचे, ते कुणाच्या खात्यावर नाहीत. पेपर काढणं, वह्या तपासणं, मुलांच्या शंका सोडवणं यांचं मोल शून्य. दिवाळीची, मे महिन्याची सुट्टी लागली की कमाई बंद. पगार पूर्णवेळच्या निम्मा असता तरी मी कुरकुर केली नसती. तो पावही नव्हता.

हा निव्वळ कंजूषपणा आहे असं मला तेव्हा वाटायचं. त्यामागे अर्थशास्त्रही आहे हे नंतर कळलं. क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास उलगडल्याबद्दल. त्यांनी काही नोकऱ्यांना ‘हावऱ्या’ म्हटलंय. हावरी नोकरी म्हणजे जी तुमचे जास्त तास तर मागतेच, पण अवेळीचे तास सगळ्यात जास्त मोलाने विकत घेते. रात्री अकराचा क्लायंटचा कॉल, रविवारी अचानक निघालेलं काम, उद्या सकाळी दिल्लीला जा म्हटलं की जाणं. अशा नोकरीत पगार तासांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. शेवटच्या दहा-बारा तासांना सोन्याचा भाव असतो आणि पहिल्या वीस तासांना पितळेचा. मग जी बाई फक्त ते पहिले वीस तास विकायला येते, तिच्या हातात पितळच पडणार.

आता नवराबायकोचा हिशोब मांडून बघा. आकडे सोयीसाठी धरलेत. दोघांनाही रात्रीबेरात्री न छळणारी नोकरी असेल तर प्रत्येकी ६० हजार, घरात १ लाख २० हजार. त्याऐवजी एकाने हावरी नोकरी धरली, १ लाख आणले, आणि दुसरीने ‘जरा लवचिक’ धरून ४५ हजार आणले, तर घरात १ लाख ४५ हजार. म्हणजे दोघांनी सारखेपणाने वागायचं ठरवलं तर दर महिन्याला २५ हजारांवर पाणी सोडायचं. मुलाला ताप आला तर शाळेचा फोन उचलायला एक जण मोकळा हवाच. तो कोण, हे कुठल्या घरात बसून ठरवलेलं असतं? ते आधीच ठरलेलं असतं. आणि वर्षाने मागे वळून पाहिलं की हा निर्णय अगदी शहाणपणाचा दिसतो, कारण पैसे खरंच वाढलेले असतात. गोल्डिनबाईंचं म्हणणं मला पटतं ते इथे: यात कुणी खलनायक लागत नाही.

याला औषधही आहे, आणि गंमत म्हणजे ते औषधांच्याच दुकानात सापडलं. गोल्डिन आणि त्यांचे सहकारी अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स कात्झ यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचा पेशा तपासला. एके काळी तिथे स्वतःची दुकानं असत, मालक म्हणजे बहुधा पुरुष, दिवसभर गल्ल्यावर. पुढे मोठ्या साखळी दुकानांत आणि रुग्णालयांत नोकऱ्या आल्या, औषधं कारखान्यातून तयार येऊ लागली, पेशंटची सगळी माहिती संगणकावर आली. त्यामुळे सकाळचा फार्मासिस्ट गेला आणि दुपारची आली तरी गिऱ्हाइकाचं अडत नाही. एकाच्या जागी दुसरी सहज उभी राहू शकली की तासाचा भाव अर्धवेळेलाही तोच राहतो. या पेशात अर्धवेळ काम करणाऱ्याला तासामागे जवळपास काहीच तोटा होत नाही, आणि आज तिथे निम्म्याहून जास्त फार्मासिस्ट बायका आहेत. मालकांचं मन बदलायची वाट बघावी लागली नाही, कामाची मांडणी बदलली.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, आणि ती कुठल्याही परदेशी पुस्तकात नीट सापडत नाही. तिचं नाव लोकल. डोंबिवलीहून फोर्टातलं ऑफिस म्हणजे फास्ट लोकलने सव्वा तास, दोन्हीकडची चाल आणि रिक्षा धरून दारापासून दारापर्यंत पावणेदोन. येऊन-जाऊन साडेतीन तास. नोकरी आठ तासांची असो की चार तासांची, हे साडेतीन कमी होत नाहीत. चार तासांच्या कामासाठी साडेतीन तास प्रवास कोण करेल? म्हणून मुंबईत अर्धवेळ काम म्हणजे चालत जाता येईल असं काम. बालवाडी, शिकवणी, पार्लर, डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी नंबर लावून घेणं, पोळीभाजी केंद्र. एमकॉम झालेली बाई दवाखान्यात नंबर लावते ती महत्त्वाकांक्षा नाही म्हणून नाही, स्टेशन लांब आहे म्हणून. (लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांवर खूप लिहून झालंय. भाजी न निवडता त्या वेळात झोपणाऱ्या बायकांवर कुणी लिहीत नाही.)

उरलेल्या वेळेत काय होतं तेही मोजलेलं आहे. २०१९च्या वेळवापर पाहणीत दिवसभरात घरचं बिनपगारी काम केलं असं सांगणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या आणि पुरुष २६.१ टक्के. आणि हे फक्त काम केलेल्यांचे आकडे धरले तरी बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. २०२४मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत. त्यांचीही नऊ कमीच झाली. मिक्सर-कुकर-स्विगी, ज्याने त्याने श्रेय वाटून घ्यावं. जवळजवळ पाच तासांची ही पाळी आधीच लागलेली असते आणि तिच्या भोवती दुसरी नोकरी बसवायची असते. पूर्णवेळ की अर्धवेळ, हा प्रश्न म्हणजे दुसरी पाळी किती लांबीची, एवढाच.

माझ्या पाहण्यात नोकरी कमी करण्याच्या तीन घटका आहेत. पहिली बाळंतपणाची, ती सगळ्यांना माहीत आहे. २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. कायदा चांगला आहे, पण बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंतच त्याला आईची गरज असते असं त्यात बहुधा धरलेलं असावं. दुसरी घटका मुलाच्या दहावीची. हिच्याबद्दल खासगी नोकरीच्या कुठल्याच कायद्यात काही नाही, आणि चाळिशीच्या आसपासच्या किती जणींनी ‘यंदा तिचं दहावीचं वर्ष आहे’ म्हणून राजीनामा दिला याची मोजदाद करायला बसलं तर माझ्याच ओळखीत सहा निघतील. तिसरी, सासूसासऱ्यांच्या आजारपणाची. पंचेचाळीस-पन्नाशीत, म्हणजे बढती तोंडाशी आलेली असताना येते. तिच्यातून परत फिरणाऱ्या मी फार पाहिल्या नाहीत.

अर्धवेळ काम सन्मानाने करता आलं तर काय होतं, हे पाहायचं तर नेदरलँड्सकडे बघावं लागतं. तिथे नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त जणी अर्धवेळ काम करतात. श्रीमंत देशांत हे प्रमाण तिथेच सगळ्यात जास्त असतं. हा देश काही पहिल्यापासून पुढारलेला नव्हता. १९५०च्या दशकापर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की तिला घरी पाठवत. पुढे बायका उशिरा नोकऱ्यांत आल्या, त्या अर्धवेळ आल्या, आणि मग कायदे त्यांच्या मागून आले. १९९६च्या कायद्याने सांगितलं की कमी तासांच्या कर्मचाऱ्याला तासाचा पगार, रजा, बढती यांत वेगळं वागवायचं नाही. २०००च्या कायद्याने कर्मचाऱ्याला तास कमी करून मागण्याचा हक्क दिला, आणि वाढवून मागण्याचाही. नकार द्यायचा तर मालकाला भक्कम कारण दाखवावं लागतं. अर्धवेळ कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९४चा करार नेदरलँड्सने मान्य केला आहे. भारताने केलेला नाही.

माझी एक मैत्रीण अ‍ॅमस्टरडॅमजवळ अ‍ॅमस्टलव्हेनला राहते. तिथे आपल्याकडच्या आयटीवाल्यांची बरीच वस्ती आहे. ती सोमवार, मंगळवार, गुरुवार काम करते. बुधवारी तिच्या मुलाची शाळा दुपारीच सुटते, म्हणून बुधवार घरी. शुक्रवार नवऱ्याचा, त्याला तिकडे ‘बाबांचा दिवस’ असा शब्दच आहे. ती म्हणाली, "पुण्यात असताना मला तीन दिवस हवेत म्हटलं असतं, तर त्यांनी राजीनाम्याचा फॉर्म पुढे केला असता. इथे बॉसने कॅलेंडर उघडलं." पण तिनेच पुढे सांगितलं की तिच्या वरच्या जागांवर बसलेले सगळे पाच दिवसवाले आहेत, आणि घटस्फोट झाला तर तीन दिवसांच्या पगारात तिथलं घरभाडं निघणार नाही. शिवाय मुलं मोठी होऊन घराबाहेर पडलेल्या, किंवा मुलं नसलेल्याही अनेक डच बायका अर्धवेळच राहतात. म्हणजे पाळणाघराची सोय झाली की सगळ्या जणी धावत पूर्णवेळ नोकरीकडे जातील, हेही खरं नाही. काहींना नकोच असतं. दुपारी पोहायला जायचं असतं.

इथून एक जुना वाद सुरू होतो. ब्रिटनमधल्या समाजशास्त्रज्ञ कॅथरीन हकीम यांनी २०००मध्ये मांडलं की बायकांचे तीन गट असतात: पाचातल्या एकीचा ओढा घराकडे, एकीचा कामाकडे, आणि मधल्या तिघींना दोन्ही हवं असतं, परिस्थितीप्रमाणे त्या जुळवून घेतात. अर्धवेळ काम करणारी बाई बिचारी नाही, तिने ते निवडलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. यावर पुष्कळांनी टीका केली, आणि आपल्या भाषेत ती एका म्हणीत सांगता येते. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या माणसाला तुझे पाय केवढे असं विचारलं, तर तो अंथरुणाएवढेच सांगणार. दहा वर्षं आखडून झोपलेल्या बाईला ‘तुला असंच आवडतं ना?’ असं विचारायचं आणि तिने ‘हो’ म्हटलं की फॉर्मवर बरोबरची खूण करायची, याला आवड मोजणं म्हणत नाहीत.

तरी हकीमबाईंना मी पूर्ण मोडीत काढणार नाही. त्यांनी स्वतःच अट घातली होती की हे फक्त तिथे लागू, जिथे बायकांना खरोखर निवडता येतं: संततिनियमन हातात, समान संधीचा कायदा, भरपूर कार्यालयीन नोकऱ्या, कमी तासांच्या नोकऱ्याही उपलब्ध. ही अट विसरून लोक त्यांचं नाव घेतात. डोंबिवलीत ती अट स्टेशनपाशीच अडखळते.

पूर्णवेळ नोकरीची कारणं सांगायला फार वेळ लागत नाही. घराचा हप्ता, पीएफ, एकटीचा संसार, आणि ‘घरी राहिले तर दिवसातून सहादा चहा करावा लागेल’. शेवटचं कारण एका बँकेतल्या बाईंनी मला हसत सांगितलं होतं. त्या हसत होत्या म्हणून ते खोटं ठरत नाही. अर्धवेळची पगारी, पीएफवाली जागा मिळाली तर घ्याल का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "अशी जागा असते?"

‘अर्धवेळ’ या शब्दाचा दुसराही एक उपयोग आहे. तो पूर्ण काम करून घेऊन कमी पैसे द्यायच्या कामी येतो. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. सेविकेला पगार नाही, मानधन. मुलांचा आहार, वजनं, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी निरोप, गरोदर बायकांच्या नोंदी, आता मोबाइलवर फोटो आणि माहिती भरणं. गुजरातमधल्या सेविकांनी ग्रॅच्युइटी मागितली आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हे काम अर्धवेळचं आहे, असा युक्तिवाद त्यांच्याविरुद्ध झाला. २५ एप्रिल २०२२च्या निकालात न्यायालयाने तो मानला नाही आणि ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू होतो असं सांगितलं. ऊसतोडीत तर याच्या उलट शब्द आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून, पहाटे चूल पेटवणारी बाई या हिशोबात अर्धी भरते, आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा पूर्ण नवऱ्याच्या हातात जाते.

आता आमच्याकडे येणाऱ्या मावशींचं सांगते, कारण निवड म्हणजे काय हे मला त्यांच्याकडून थोडं कळलं. त्यांची चार घरं आहेत. सकाळी आठ ते एक तीन घरं, संध्याकाळी चार ते सहा एक. प्रत्येक घराच्या दृष्टीने त्या दीड-दोन तासांच्या, अर्धवेळच्याही आतल्या. म्हणून पगारी रजेचं नाव कुणी काढत नाही. बेरीज मात्र सात तास होते. गेल्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने त्यांना नऊ ते सहा एकाच घरी बोलावलं, चार घरांच्या बेरजेपेक्षा हजार रुपये जास्त देऊन. मावशींनी नाही म्हटलं. मला आश्चर्य वाटलं. त्या म्हणाल्या, "एकाच घरी बांधून घेतलं आणि त्यांचं-माझं वाजलं, तर महिना कोरडा. चारातलं एक सुटलं तर तीन राहतात. आणि एक ते चार मी माझी." गुंतवणूक सल्लागार याच गोष्टीचे पैसे घेतात.

राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश फेब्रुवारी २०२४मध्ये निघाला. मुलांच्या झोपेचा विचार करून काढलेला, चांगला आदेश. मावशींची नात दुसरीत होती. शाळा सातची नऊ झाली आणि तिला पोहोचवायचं काम मावशींकडेच, कारण सून साडेसातला एका पॅकिंगच्या कारखान्यात जाते. मावशी सगळ्या घरांत विचारत फिरल्या, आठच्या ऐवजी साडेनऊला सुरुवात केली तर चालेल का. दुसऱ्या-तिसऱ्या घरांनी थोडं पुढेमागे करून मान्य केलं. अडलं पहिल्या घरात. तिथली बाई आठ पस्तीसची लोकल पकडते, तिला भांडी आणि पोळ्या त्याआधीच हव्यात. तिची नोकरी पूर्णवेळ, मस्टर कडक. आठवडाभर फोनाफोनी झाली. शेवटी पहिल्या घरच्या आजी म्हणाल्या की पोळ्या मी लाटते, भांडी तुम्ही दहाला येऊन घासा. आजी ७४ वर्षांच्या आहेत.